लांब पल्ल्याच्या मोटारसायकलची सजावट : कोणती, किती आणि कशासाठी?

खास प्रतिनिधी

मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणे ही आता मूठभर छांदिष्टांची मिरासदारी राहिलेली नाही. पावसाळा सरला की कोकणाकडे, उन्हाळ्यात लेह-लडाखकडे आणि सलग सुट्ट्या आल्या की गोव्याकडे निघणारे दुचाकीस्वारांचे तांडे महामार्गांवर नित्याचे झाले आहेत. या प्रवाशांमध्ये ‘स्पोर्ट्स टूरर’ वर्गातील मोटारसायकलींना विशेष पसंती मिळते. मात्र गाडी दारात आली, तिची पूजा झाली, नारळ फुटला, की पुढच्याच रविवारी तिच्यात फेरफार करण्याचा सोस सुरू होतो. पुण्यातील नाना पेठ असो वा दिल्लीतील करोलबाग, दुचाकीच्या सुट्या भागांच्या बाजारपेठांतील दुकाने अशा साहित्याने ओसंडून वाहत असतात. उंच काचा, झगझगीत दिवे, लोखंडी गार्ड, पेट्या आणि कानठळ्या बसवणारे सायलेन्सर यांपैकी काय घ्यावे आणि काय टाळावे, हे सांगणारा मात्र तेथे क्वचितच भेटतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. गाडीवर चढवलेली प्रत्येक वस्तू गाडीकडून काही ना काही वसूल करत असते. कधी ती वजन मागते, कधी वीज. कधी तोल बिघडवते, तर कधी विम्याचे आणि कायद्याचे संरक्षणच काढून घेते. हा हिशेब न मांडता केलेली सजावट घाटातल्या एखाद्या वळणावर जिवावर बेतू शकते. म्हणूनच लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी गाडी कशी सजवावी, कोणत्या क्रमाने सजवावी आणि कोठे थांबावे, याचा हा आढावा.

स्पोर्ट्स टूरर म्हणजे काय?

निव्वळ शर्यतीच्या धाटणीच्या मोटारसायकलवर चालक टाकीवर ओणवा होऊन बसतो. तासाभरात त्याची मनगटे आणि पाठ बोलू लागते. याउलट निव्वळ प्रवासी मोटारसायकल आरामशीर असली, तरी वजनाने आणि आकाराने अवजड असते. या दोहोंचा सुवर्णमध्य म्हणजे स्पोर्ट्स टूरर. वळणावर चपळ, महामार्गावर वेगवान आणि तरीही दिवसभरात चारपाचशे किलोमीटर चालवता येईल इतपत सुखावह, अशी या वर्गाची ढोबळ व्याख्या करता येईल.

या परंपरेचा आरंभ अनेक जाणकार १९७३ मध्ये आलेल्या ‘बीएमडब्ल्यू आर ९० एस’ या मोटारसायकलपासून मानतात. त्याच कंपनीच्या १९७६ मधील ‘आर १०० आर एस’ या गाडीवर वातभोगद्यात चाचण्या घेऊन घडवलेले पूर्ण आवरण होते. वाऱ्याचा मारा चालकाच्या अंगावरून वळवण्याचा तो शास्त्रशुद्ध प्रयत्न होता. पुढे जपानी कंपन्यांनी या वर्गाला व्यापक बाजारपेठ मिळवून दिली.

भारतात २००३ मध्ये आलेल्या २२३ सीसीच्या ‘हीरो होंडा करिझ्मा’ने या प्रकारच्या प्रवासाची गोडी एका पिढीला लावली. २०१६ च्या अखेरीस पुण्याच्या बजाज ऑटोने ३७३ सीसीची ‘डॉमिनार ४००’ बाजारात आणली. कालांतराने उत्पादकाने तिची ओळख स्पोर्ट्स टूरर अशीच करून दिली. या लेखात तिचेच उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे. याचे कारण असे की, २०२१ मध्ये कंपनीने ही गाडी प्रवासोपयोगी साहित्य बसवूनच विक्रीस आणली. त्यात उंच विंडस्क्रीन, हातांचे संरक्षक, इंजिनाखालची बॅश प्लेट, लेग गार्ड, पाठटेक असलेले कॅरिअर, सॅडलबॅगसाठीचे आधार आणि मोबाइल चार्जिंगची सोय यांचा समावेश होता. प्रवासासाठी नेमके काय लागते, याविषयी खुद्द उत्पादकाचे मत काय आहे, ते या यादीवरून कळते. त्यात सायलेन्सर नाही, कर्कश हॉर्न नाही आणि इंजिनाची ताकद वाढवणारे कोणतेही साधन नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

आधी बेरीज वजनाची

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका उघडावी. तीत गाडीचे स्वतःचे वजन आणि कमाल एकूण वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे गाडीची भारक्षमता. चालक, मागे बसणारी व्यक्ती, सामान आणि नंतर बसवलेले सर्व साहित्य या मर्यादेतच बसावे लागते.

समजा, ही भारक्षमता १७० किलो आहे. हेल्मेट, जाकीट, बूट धरून चालक ८५ किलोंचा आणि मागची व्यक्ती ७० किलोंची असेल, तर १५५ किलो तेथेच संपले. उरलेल्या १५ किलोंपैकी ५ किलो लोखंडी गार्डने आणि ७ किलो कॅरिअर व रिकाम्या पेटीने घेतले, तर प्रत्यक्ष सामानासाठी अवघे ३ किलो उरतात. दोघांचे आठवड्याचे कपडे, रेनकोट, हत्यारे आणि पाण्याच्या बाटल्या ३ किलोंत बसत नाहीत, हे सांगायला नको. म्हणजेच सामान वाहण्यासाठी बसवलेले साहित्यच सामानाची जागा खाऊन टाकते. दोघांनी प्रवास करायचा असेल तर जड धातूच्या पेट्यांऐवजी कापडी सॅडलबॅग का बऱ्या, याचे उत्तर या साध्या बेरजेत दडलेले आहे.

पहिला खर्च टायर, ब्रेक आणि शॉकॲब्सॉर्बरवर

गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो तळहाताएवढ्या दोन जागांतून. त्यामुळे पैसा खर्च करायचाच असेल, तर तो आधी टायरवर करावा. टायरच्या बाजूला छापलेली अक्षरे वाचायला शिकणे अवघड नाही. मागील टायरवर ‘१५०/६० आर १७ ६६ एच’ असे छापलेले असेल, तर १५० मिलिमीटर ही त्याची रुंदी, ६० हे उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १७ इंच हा रिमचा व्यास असतो. ६६ हा भारांक असून त्याचा अर्थ तो टायर कमाल ३०० किलो भार पेलू शकतो. ‘एच’ या अक्षराचा अर्थ ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता असा होतो. नवा टायर घेताना हे दोन्ही अंक मूळ टायरपेक्षा कमी नसावेत.

रुबाबासाठी मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवण्याची चाल जुनीच आहे. मात्र रिम तेवढेच ठेवून रुंद टायर चढवला, की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, त्याची गोलाई बदलते आणि वळणावर गाडी झुकवताना ती नेहमीसारखी वागत नाही. टायर चेनला किंवा मडगार्डला घासण्याचा धोका वेगळाच. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी आणि मागे माणूस व सामान असेल, तर पुस्तिकेत त्यासाठी दिलेला वेगळा दाब ठेवावा. हा फेरफार फुकटात होतो आणि बहुतेकांकडून तोच राहून जातो.

ब्रेकच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस यंत्रणा एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून सर्वच गाड्यांना सक्तीची झाली. त्यामुळे चाके जाम होण्याचा धोका कमी झाला. परंतु लादलेली गाडी घाट उतरताना ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता एबीएस कमी करू शकत नाही. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या, ओलावा धरलेल्या द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि उतारावर सतत ब्रेक दाबल्यास त्यात वाफेचे बुडबुडे होऊन लिव्हर पोकळ लागू लागतो. म्हणून साधारणतः दर दोन वर्षांनी हे द्रव बदलावे. रबरी नळ्यांऐवजी पोलादी जाळीच्या नळ्या बसवल्यास ब्रेकचा दाब अधिक नेमका जाणवतो. मात्र नळ्या गाडीच्या मापाच्या असाव्यात आणि त्या बसवण्याचे काम एबीएसची माहिती असलेल्या मेकॅनिककडेच सोपवावे.

शॉकॲब्सॉर्बर हा तिसरा महत्त्वाचा घटक. मागे माणूस आणि सामान आले, की गाडीचा मागचा भाग दबतो, पुढचा भाग उचलला जातो, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणावर पुढचे चाक हलके वाटू लागते. बहुतेक स्पोर्ट्स टूररच्या मागील शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग टप्प्याटप्प्याने ताणता येते. त्यासाठी लागणारा पाना अनेकदा गाडीच्या हत्यारांच्या पिशवीतच असतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी सामान बांधून, मागच्या व्यक्तीला बसवून हा ताण जुळवून घ्यावा आणि हेडलाइटचा झोत पुन्हा खाली आणावा.

बैठक आणि वारा

लांबच्या प्रवासात थकवा हाच मोठा शत्रू असतो. थकलेल्या चालकाला खड्डा उशिरा दिसतो आणि ब्रेक उशिरा लागतो. त्यामुळे बैठकीत केलेली सुधारणा ही चैन नसून सुरक्षेचाच भाग आहे. हॅण्डल दोन-तीन सेंटिमीटर उंच करणारे ठोकळे बाजारात मिळतात. ते बसवल्यावर हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. ॲक्सिलरेटर वा क्लचची केबल, ब्रेकची नळी किंवा वायर कोठेही ताणली जात असेल, तर ते ठोकळे त्या गाडीसाठी नाहीत असे समजावे. हॅण्डल वळवताच इंजिनाचा वेग आपोआप वाढत असेल, तर ती गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे आहे.

सीटच्या बाबतीत मऊपणा म्हणजे आराम, हा गैरसमज आहे. फार मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि चालक खालच्या कठीण भागावर बसतो. योग्य घनतेचा, किंचित रुंद आणि सपाट फोम सीटवाल्याकडून भरून घेणे अधिक उपयुक्त. मात्र फोम वाढवताना चालकाचे पाय जमिनीला टेकतात की नाही, हे पाहायला विसरू नये.

वाऱ्याचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास वेग सव्वा पट होतो. पण छातीवरचा दाब दीडपटीहून अधिक होतो. उंच विंडस्क्रीन हा दाब कमी करते. मात्र काच उंच म्हणजे शांतता अधिक, असे समीकरण नाही. काचेच्या वरच्या कडेवरून येणारा भोवऱ्यासारखा वारा नेमका हेल्मेटवर आदळला, तर डोके हलू लागते आणि आवाज वाढतो. चालकाच्या उंचीनुसार योग्य काच बदलते. म्हणून खरेदीपूर्वी तशीच गाडी असलेल्या, आपल्याच उंचीच्या मित्राची काच लावून पाहणे उत्तम. काचेतून पाहण्यापेक्षा काचेवरून रस्ता दिसणे केव्हाही चांगले. पावसात आणि रात्री ओरखडे पडलेल्या काचेतून पाहणे जवळजवळ अशक्य होते.

सामान कोठे ठेवावे?

सामानाचा नियम एका वाक्यात सांगता येतो : जड वस्तू खाली, पुढे आणि गाडीच्या मध्याजवळ, हलक्या वस्तू वर आणि मागे. हत्यारे, पाणी आणि सुटे भाग टँक बॅगेत किंवा सॅडलबॅगेच्या तळाशी, तर कपडे आणि रेनकोट मागच्या पेटीत ठेवावेत.

मागची पेटी सर्वांत सोयीची आणि म्हणूनच सर्वाधिक गैरवापर होणारी. ही पेटी मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लोंबकळत असते. दोन चाकांतील अंतर १,४५० मिलिमीटर आणि पेटीचा भार मागच्या आसापासून ३५० मिलिमीटर मागे असेल, तर १० किलोंची पेटी मागच्या चाकावर सुमारे १२.४ किलो भार टाकते आणि पुढच्या चाकावरून सुमारे २.४ किलो भार उचलून घेते. तरफेचा हा शाळेतला नियम. पेटी जितकी जड आणि जितकी मागे, तितके पुढचे चाक हलके. वेग वाढल्यावर हॅण्डल वळवळू लागण्यामागे अनेकदा हेच कारण असते. पेट्यांचे उत्पादक भाराची आणि वेगाची मर्यादा पेटीवरच छापतात. ती वाचावी आणि पाळावी.

सॅडलबॅगेला गाडीच्या दोन्ही बाजूंनी धातूचा आधार असणे आवश्यक आहे. आधार नसेल तर पिशवी चाकात ओढली जाऊ शकते किंवा तापलेल्या सायलेन्सरला चिकटून पेट घेऊ शकते. दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे. रबरी दोऱ्यांच्या आकड्यांपेक्षा बकल असलेले पट्टे अधिक भरवशाचे ठरतात. पन्नास किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून सर्व पट्टे पुन्हा आवळावेत.

इंधनाचा विचारही येथेच करावा लागतो. डॉमिनारच्या १३ लिटरच्या टाकीत लिटरला २५ किलोमीटर धरले, तरी सव्वातीनशे किलोमीटरचा पल्ला मिळतो. महाराष्ट्रात तेवढा पुरेसा आहे. मात्र मनाली-लेह मार्गावरील तांदी येथील पेट्रोलपंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ असा इशारा देणारा फलक दुचाकीस्वारांमध्ये प्रसिद्ध झाला, तो काही उगाच नव्हे. अशा प्रदेशात जाण्यापूर्वी मार्गावरील पंपांची ताजी माहिती घ्यावी आणि गरज असेल तरच जादा इंधन, तेही धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सायलेन्सरपासून दूर बांधून न्यावे.

विजेचा हिशेब

मोटारसायकलमधील वीज ही मर्यादित मिळकत असते. इंजिनावर चालणारा अल्टरनेटर ठरावीक वॅट वीज निर्माण करतो. त्यातील बराचसा भाग इंधन पुरवठ्याची यंत्रणा, हेडलाइट आणि इंडिकेटर यांनाच लागतो. उरलेल्या शिलकीतून जादा साहित्य चालवायचे असते.

समजा, २० वॅटचे दोन जादा दिवे, १५ वॅटचा मोबाइल चार्जर आणि थंड प्रदेशासाठी ३५ वॅटच्या गरम मुठी बसवल्या. एकूण मागणी झाली ९० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर. गाडीतील बॅटरी ८ अँपिअर-तासांची असेल आणि इंजिन बंद ठेवून हे सर्व चालू राहिले, तर बॅटरी कागदावरच तासाभरात रिकामी होते. प्रत्यक्षात स्टार्टर फिरवण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपते. किक नसलेल्या गाडीवर निर्जन घाटात ही वेळ येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

यासाठी तीन पथ्ये पाळावीत. जादा दिव्यांची वायर मूळ हेडलाइटच्या वायरीला जोड देऊन न घेता थेट बॅटरीपासून, स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमार्फत घ्यावी. फ्यूज मागणीपेक्षा थोडाच मोठा असावा. ४० वॅटच्या दिव्यांना साडेतीन अँपिअरच्या आत वीज लागते, तेथे ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. ३० अँपिअरचा फ्यूज लावल्यास वायर आधी जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. तिसरे पथ्य असे की, रिलेचे नियंत्रण गाडीच्या किल्लीशी जोडावे, म्हणजे किल्ली काढताच दिवे बंद होतील. वायरी कापून, चिकटपट्टी गुंडाळून केलेले काम पहिल्या पावसात दगा देते. शिवाय अशा गाडीची वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते.

जादा दिव्यांचा झोत समोरच्या चालकाला आंधळे करणारा नसावा, हे नियमांनाही अपेक्षित आहे आणि माणुसकीलाही. हे दिवे खालच्या बाजूस झुकवलेले असावेत आणि समोरून वाहन येताच बंद करता यावेत. शहरात त्यांची गरजच नसते.

गार्ड, बॅश प्लेट आणि आरसे

गाडी उभ्या जागी कलंडली तरी इंजिनाचे आवरण, लिव्हर आणि इंडिकेटर तुटू शकतात. क्रॅश गार्ड हे नुकसान वाचवतो. मात्र गार्ड किती जाड आहे यापेक्षा तो कोठे बसवला आहे, हे महत्त्वाचे. चासिसच्या कमकुवत जागी एकाच बोल्टवर बसवलेला अवजड गार्ड पडताना तरफेसारखे काम करतो आणि चासिसच वाकवतो. आरसे, विशेषतः मागे पेटी आणि दोन्ही बाजूंना पिशव्या असताना, मूळचेच ठेवावेत. हॅण्डलच्या टोकाला लावलेले चिमुकले आरसे छायाचित्रात शोभतात. पण मागून येणारा ट्रक त्यांत वेळेवर दिसत नाही.

गाडी घेताच अनेक जण साडी गार्ड आणि मागच्या मडगार्डची शेपटी काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडण्याची कायम मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण बंधनकारक आहे. साडी, ओढणी वा रेनकोटचे टोक चाकात अडकून होणारे अपघात पाहता हा नियम किती व्यवहारी आहे, ते पटते.

इंजिन आणि सायलेन्सरला हात नको

सर्वाधिक पैसा आणि सर्वांत कमी उपयोग, असे ज्या फेरफाराचे वर्णन करता येईल तो म्हणजे सायलेन्सर बदलणे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांमध्ये उत्प्रेरक, प्राणवायूचे प्रमाण मोजणारा संवेदक आणि इंधन नियंत्रित करणारा संगणक ही एकमेकांत गुंफलेली साखळी असते. यातील एक कडी बदलली, की इंधन-हवेचे प्रमाण बिघडते. बहुतेक वेळा ताकद वाढल्याचा भास होतो तो केवळ आवाजामुळे. आठ तास तोच आवाज डोक्याजवळ घुमत राहिला, की त्याचे रूपांतर थकव्यात होते.

आवाजाची मर्यादाही ठरलेली आहे. १७५ सीसीवरील मोटारसायकलींसाठी २००५ पासून उत्पादनाच्या टप्प्यावर ८० डेसिबलची मर्यादा घालण्यात आली. क्रमाक्रमाने बदलत्या सुरांत वाजणाऱ्या हॉर्नना केंद्रीय नियमांतील नियम ११९ नुसार मनाई आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवण्याची कारवाई मुंबई-पुण्याच्या पोलिसांनी केली आहे. हजारो रुपयांची हौस क्षणात पत्र्यासारखी सपाट होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील, असा फेरफार वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ समाविष्ट करण्यात आले. त्यात बेकायदा फेरफार करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली.

याचा अर्थ मोबाइल अडकवण्याचा स्टँड लावला म्हणून कोणी तुरुंगात जाईल, असा नव्हे. सहज काढता येणारे, गाडीची रचना न बदलणारे साहित्य आणि मूळ रचनेत केलेला बदल यांत फरक आहे. टँक बॅग, सॅडलबॅग, चार्जर, उत्पादकाने स्वतः देऊ केलेली काच वा कॅरिअर ही पहिल्या गटात मोडतात. चासिस कापणे, इंजिन बदलणे आणि सायलेन्सरमधील उत्प्रेरक काढणे ही दुसऱ्या. गाडीचा रंगही नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. त्यामुळे पूर्ण रंग बदलायचा तर आधी आरटीओचे दार ठोठावावे लागते.

पेटीच्या बाबतीत २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमात स्पष्टता आणली. दुचाकीवरील हलक्या पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर आणि उंची ५०० मिलिमीटर यांपेक्षा अधिक नसावी. पेटी मागच्या सीटच्या जागेवर बसवली असेल, तर दुसऱ्या व्यक्तीला बसवता येत नाही. ती सीटच्या मागे असेल तर बसवता येते. अर्थात एकूण वजनाच्या मर्यादेत. सामानामुळे नंबर प्लेट, मागचा दिवा किंवा इंडिकेटर झाकले जाणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी.

विमा हा यातील सर्वाधिक दुर्लक्षित भाग. गाडीसोबत न आलेले साहित्य विमा कंपनीला कळवून, त्याची किंमत पॉलिसीत नोंदवून आणि वेगळा हप्ता भरूनच संरक्षित होते. न कळवलेला फेरफार अपघातानंतर दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरू शकतो. दूर परराज्यात गाडी मोडून पडलेली असताना हा वाद कोणालाही परवडणारा नाही. सर्व पावत्या जपून ठेवाव्यात आणि मूळ सुटे भागही घरी ठेवावेत.

क्रम आणि कसोटी

महाराष्ट्रातील दुचाकीस्वाराला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग बंद आहेत. त्याचा प्रवास जुन्या महामार्गांवरून, खंबाटकी, ताम्हिणी, आंबोलीसारख्या घाटांतून आणि पावसाने उखडलेल्या रस्त्यांवरून होतो. त्यामुळे त्याच्या गाडीला कमाल वेगापेक्षा तोल, पकड आणि थांबण्याची क्षमता यांचीच अधिक गरज असते. हे ध्यानात घेतले, तर खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम टायर, ब्रेक आणि शॉकॲब्सॉर्बर. मग सीट, हॅण्डल आणि काच. त्यानंतर सामानाची सोय. शेवटी दिवे आणि चार्जर. इंजिन आणि सायलेन्सर या यादीत नाहीत.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो पारखूनच पुढच्याकडे वळावे. तीन गोष्टी एकदम बसवल्या आणि गाडी डगमगू लागली, तर दोष कोणाचा हे कळत नाही. मोठ्या प्रवासाआधी पूर्ण सामान लादून शेदोनशे किलोमीटरची चाचणी फेरी करावी. मुंबईहून माळशेज किंवा पुण्याहून महाबळेश्वर हे अंतर त्यासाठी पुरेसे आहे. परत आल्यावर प्रत्येक नट-बोल्ट तपासावा, वायरी गरम झाल्या होत्या का ते पाहावे आणि ज्या वस्तूचा एकदाही उपयोग झाला नाही, ती निमूटपणे काढून ठेवावी.

अनुभवी प्रवाशांच्या गाड्या पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रवास वाढत जातो तसतसे त्यांच्या गाडीवरचे साहित्य कमी होत जाते. पहिल्या वर्षी हौसेने लावलेले अर्धेअधिक सामान तिसऱ्या वर्षी माळ्यावर पडलेले असते आणि गाडीवर उरते ते फक्त उपयोगाचे. ही शहाणीव पदरचे पैसे आणि क्वचित हाडे मोडून येण्याऐवजी, बाजारात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन केलेल्या हिशेबातून आली, तर अधिक बरे. गाडी कितीही देखणी सजली, तरी घरच्यांना वाट असते ती ठरल्या दिवशी तिच्यावरून सुखरूप परतणाऱ्या माणसाची.